उळे टाकण्याआधी सांगा

माननीय संपादक,


किरकोळ बाजारात कांदा चाळीस-पन्नास रुपयांवर गेला की ‘कांद्याने रडवले’ असे मथळे येतात आणि दोन दिवसांत निर्यात थांबवण्याची मागणी सुरू होते. ही मागणी करणाऱ्यांत पुण्या-मुंबईतले माझे भाऊ-भाचेही असतात. घर चालवणाऱ्या माणसाची ओढाताण मला कळते. पण निर्यातीचे दार असे एका रात्रीत लावल्याने काय होते, ते निफाड तालुक्यातल्या बांधावरून कसे दिसते हे आपल्या वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र लिहिते आहे.

८ डिसेंबर २०२३ ची सकाळ. लाल कांद्याने भरलेला आमचा ट्रॅक्टर पहाटेपासून बाजार समितीबाहेर रांगेत उभा होता. केंद्राने ३१ मार्चपर्यंत निर्यातबंदी केल्याचे आम्हाला त्या रांगेतच, पुढच्या ट्रॉलीवाल्याच्या मोबाइलवर कळले. पहिल्याच ट्रॉलीचा पुकारा आदल्या दिवसापेक्षा इतका खाली आला की शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडला. भरलेली ट्रॉली घरी परत आली. उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, लाल कांदा राहत नाही. त्याला मोड येतात, तो सडतो. त्यामुळे थांबायची सोय नव्हती. पंधरवड्यात भाव जवळजवळ निम्म्यावर आला आणि त्या भावात आम्ही माल दिला. बंदी आली त्याच आठवड्यात शेतात उन्हाळ कांद्याची लागण चालली होती. बायका वाफ्यात ओणव्या होत्या, रोप उपटून झाले होते. उपटलेले रोप ठेवता येत नाही. पुढचा भाव काय असेल याचा कसलाही अंदाज नसताना आम्ही ते लावले.

शहरातले लोक मला विचारतात, निर्यात होतो तो कांदा एकूण पिकाच्या मानाने थोडाच, मग सगळ्यांचा भाव कसा पडतो? याचे उत्तर लिलावात आहे. दुबईत किंवा कोलंबोत माल काय भावाने जाईल हे निर्यातदाराला आधीच ठाऊक असते. त्यातून जहाजभाडे, न्हावा-शेवा बंदरापर्यंतची गाडी, गोणी, हमाली, प्रतवारी वजा करत तो आमच्या ढिगापर्यंत येतो आणि मग बोली लावतो. तो चढला की देशात माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यालाही चढावे लागते. तो बाजूला झाला की देशातल्या मालाची बोलीही खाली बसते. शुल्काचेही तेच. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागले, तेव्हा निर्यातदाराला दुबईच्या गिऱ्हाइकाकडून ते वसूल करता येईना, कारण तिथे पाकिस्तानचा आणि इजिप्तचा कांदा शेजारीच मांडलेला असतो. मग ते आमच्या बोलीतून कापले गेले. चलन निर्यातदार भरतो, पैसे शेतकऱ्याचे जातात.

हे एकदाच झाले असते तर संकट म्हणून सोसले असते. पण सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी आली, ती मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली, ती १ जानेवारी २०२१ ला उठली. २०२३ मध्ये आधी शुल्क, मग ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य, म्हणजे किलोला सहासष्ट-सदुसष्ट रुपये, आणि शेवटी पूर्ण बंदी. मार्चमध्ये ती उठेल या आशेवर बसलो, तर मुदत संपायच्या आधीच ती बेमुदत वाढवली. ४ मे २०२४ ला उठली, पण सोबत ४० टक्के शुल्क पुन्हा आले. ते सप्टेंबरात २० टक्क्यांवर आले आणि पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ ला. एवढ्या वळणांत शेतकऱ्याने पुढच्या हंगामाचा हिशोब कसा मांडायचा?

यात देशाचेही नुकसान आहे. बांगलादेश हे तेव्हा आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. २०१९ च्या बंदीनंतर तिथे कांद्याचे भाव भडकले आणि दिल्लीत आलेल्या तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, पूर्वसूचना मिळाली असती तर बरे झाले असते, असे जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी आपण पुन्हा तसेच केले. मग त्या देशाने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमारकडून माल आणला आणि स्वतःची लागवड वाढवण्यावर भर दिला. मार्च २०२३ मध्ये आमच्याकडे कांदा मातीमोल झाला होता. शेतकरी दिंडोरीहून मुंबईकडे पायी निघाले होते, राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. त्याच महिन्यात बांगलादेशाने आपल्या शेतकऱ्याच्या पिकाला भाव मिळावा म्हणून आयात थांबवली. आम्हाला गिऱ्हाइकाची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा ते नसते, कारण त्याला गरज होती तेव्हा आपण नव्हतो. व्यापारात पत लागते. ती कमवायला वर्षे जातात आणि एका अधिसूचनेत ती जाते.

यावर एक आक्षेप खरा आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला महाग कांदा परवडत नाही आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्यच आहे. जागतिक व्यापार संघटनेचे नियमही अन्नाच्या गंभीर टंचाईत तात्पुरती निर्यातबंदी करू देतात. माझे म्हणणे एवढेच, की या काळजीचा खर्च सरकारी तिजोरीने उचलावा. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत काढणीच्या वेळी रास्त भावाने खरेदी करून साठा ठेवावा आणि टंचाईत गरिबांच्या वस्तीत तो स्वस्त विकावा. दोन-चार एकरवाल्याच्या हिशोबपट्टीतून तो खर्च कापून घेऊ नये. भाव कोसळतो तेव्हा हीच शहरे आमच्या मदतीला येत नाहीत.

ही एका पिकाची गोष्ट नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा अशा अचानक निर्णयांनी कारखाने आणि रोजगार कसे धोक्यात येतात हे सगळ्या देशाने बोलून दाखवले, आणि ते बरोबरच होते. पण त्याच महिन्यात आपण कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणीला येतो नेमके तेच महिने. गिरण्यांना दिलासा हवा होता हे मान्य. पण पेरणी जूनमध्ये झाली होती, आणि जूनमध्ये कापूस उत्पादकाला हे कोणी सांगितले नव्हते.

म्हणून मागणी साधी आहे. शेतमालाच्या आयात-निर्यातीचे धोरण पेरणीआधी जाहीर करावे आणि तो हंगाम संपेपर्यंत बदलू नये. फारच गरज पडली आणि बदलावेच लागले, तर आधी झालेले सौदे आणि बंदराच्या वाटेवरचा माल जाऊ द्यावा, आणि पडलेल्या भावाची भरपाई त्याच आदेशात लिहावी. निर्यातशुल्कातून गोळा झालेला पैसा कांदा चाळी आणि साठवणुकीसाठी द्यावा. साठवण चांगली झाली तर टंचाईच्या महिन्यांतही शहराला कांदा मिळेल आणि बंदीची वेळच कमी येईल.

आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उळे टाकतो, म्हणजे रोपांसाठी कांद्याचे बी पेरतो. तेव्हापासून कांदा चाळीतून बाहेर निघेपर्यंत जवळपास वर्ष जाते. पाऊस, करपा, गारपीट यांचा धोका आम्ही दरवर्षी पत्करतो, त्याबद्दल कोणाकडे तक्रार नाही. दार उघडे राहणार की बंद, हे मात्र माणसांच्या हातात आहे. ते उळे टाकण्याआधी सांगा. मग किती लावायचे ते आम्ही ठरवू आणि त्याची जबाबदारीही आम्हीच घेऊ.

आपली,
एक कांदा उत्पादक,
ता. निफाड, जि. नाशिक