बारा हजार किलोमीटर, पण तास किती?

दिल्ली ते वॉशिंग्टन विमानाचं अंतर नेटवर शोधलं की सुमारे १२ हजार किलोमीटर येतं. बरोबरच आहे ते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला की तेवढंच भरतं. घोळ असतो तो त्याखाली दाखवलेल्या तासांचा. कारण विमान दोऱ्यावरून जात नाही, ज्या देशांनी वाट दिली त्यांच्यावरून जातं.

२४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, ३० तारखेला आपण त्यांना. मग महिन्यामागून महिना मुदतवाढ. दिल्लीहून अमेरिकेला निघालेलं आपलं विमान आधी खाली गुजरातकडे येणार, अरबी समुद्र ओलांडणार आणि मग वर वळणार. त्यात पश्चिमेला जाताना वारा समोरून. इंधन पुरेना, म्हणून काही विमानं व्हिएन्नाला थांबून टाकी भरू लागली. शेवटी १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियानं दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच थांबवली. कारणं दोन दिली: ड्रीमलायनर विमानं नूतनीकरणाला गेली, आणि ही बंद हद्द.

हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. २०१९ मध्ये बालाकोटनंतर साडेचार महिने हेच चाललं होतं, आणि २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटींचा फटका बसल्याचं सरकारनंच राज्यसभेत सांगितलं. फिनलंडच्या फिनएअरचं बघा. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाली आणि हेलसिंकी-टोकियो नऊ-साडेनऊ तासांवरून तेरावर गेलं. विमानतळ जागचे हललेले नाहीत!

हद्द बंद असावी की नसावी, हा वाद आज नको. माझा मुद्दा तिकिटाचा आहे.

डीजीसीएनं तेव्हा कंपन्यांना सांगितलं की वाढलेला वेळ आणि मधला थांबा प्रवाशांना कळवा. चेक-इनला, बोर्डिंगला, जमेल तिथं मेसेजनं. अहो, पण तोवर पैसे जाऊन महिने झालेले असतात! साताऱ्याहून, अकोल्याहून लेकीच्या बाळंतपणाला निघालेले सत्तरीचे आई-बाबा काउंटरवर हे ऐकून काय करणार? घरी परत जाणार? इन्सुलिनच्या वेळा, व्हीलचेअर, पुढचं विमान, सगळं आधीच्या तासांवर बेतलेलं असतं. आणि इंधनाच्या थांब्यात बहुतेक वेळा सीटवरच बसून राहायचं, पाय मोकळे करायलाही उतरता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पैसे भरायच्या आधी, त्याच स्क्रीनवर, त्या विमानाला गेल्या महिन्यात प्रत्यक्षात सरासरी किती तास लागले ते दाखवा. कंपनीकडे हा आकडा असतोच. आणि तिकीट काढल्यावर थांबा वाढवला, तर रद्द करणाऱ्याला एक रुपयाही न कापता पैसे परत द्या. डीजीसीएनं हे नियम म्हणून लिहावं, सूचना म्हणून नको.

तोवर मंडळी, आई-बाबांचं तिकीट काढताना फ्लाइट ट्रॅकरवर त्याच नंबरच्या विमानाचे मागच्या आठवड्याचे खरे तास बघा. पुढचं कनेक्शन त्यावरून ठरवा.