भाव तर हवाच, पण सोबतही हवी



जिल्हा बैठकीपुढे यावेळी एक वेगळा ठराव येतो आहे. प्रत्येक तालुक्यातून दोन माणसे निवडायची, एक बाई आणि एक पुरुष. अशी माणसे, की ज्यांनी स्वतः कर्जाचा फास, दारू, घरातली आत्महत्या किंवा मनाचा आजार भोगला आणि जी त्यातून उठून उभी राहिली. त्यांना रीतसर शिकवायचे आणि ज्या घरात तसेच संकट आहे तिथे सोबती म्हणून पाठवायचे. परदेशात या कामाला आता पगारी हुद्दा आहे. आपण त्याला समदुःखी सोबती म्हणू.

ठरावावर आतापासूनच कुरकुर सुरू आहे. काही कार्यकर्ते म्हणतात, "हे संघटनेचे काम नाही. आपण भाव मागायचा." दुसरे म्हणतात, "हे डॉक्टरचे काम, आपण त्यात हात घालू नये." दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, तेव्हा त्यांना उत्तरही नीट दिले पाहिजे.

आधी पहिला आक्षेप. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्या. त्यातली ४,२४८ माणसे एकट्या महाराष्ट्रातली. देशाच्या त्या आकड्यात ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर. इतकी माणसे एकाच धंद्यात मरतात, तेव्हा दोष त्यांच्या डोक्यात नसून धंद्याच्या हिशेबात असतो, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. त्यातले एक अक्षरही मागे घ्यायचे कारण नाही. सरकारला मात्र उलटे सोयीचे आहे. शेतकरी मनाने कमकुवत आहे, त्याला समुपदेशन दिले की झाले, असे म्हटले की कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावाचा विषयच संपतो. ही भीती खरी आहे.

पण एक गोष्ट डोळ्याआड करून चालणार नाही. एकाच गावात, एकाच बाजारात, एकाच भावाने सगळ्यांचा कापूस जातो. तोटा सगळ्यांना होतो. तरी एका गल्लीतली नऊ घरे कशीबशी उभी राहतात आणि दहावे कोसळते. कर्ज आणि मरण यांच्यामध्ये पुष्कळ काही असते. रात्र रात्र झोप नसते, दारात बसलेला वसुलीवाला असतो, मोडलेली सोयरीक असते, बाटली असते, चारचौघांत उठबस बंद झालेली असते. त्या मधल्या वाटेवर कोणी भेटले तर माणूस मागे फिरू शकतो. पावसाने ताण दिला की आपण धरणाचे पाणी मागतो, ते मागायलाच हवे. पण धरण होईपर्यंत उभ्या पिकाला एक संरक्षित पाणी द्यायचे नाही, असे कोणी म्हणते का?

आता दुसरा आक्षेप. डॉक्टर हवाच. पण तो आहे कुठे? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, जिल्हा पातळीवरचा १९९६ साली. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१६ साली आला. नैराश्याने आजारी असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत कसलाच उपचार पोचत नाही, असे त्यात निघाले. म्हणजे डॉक्टर विरुद्ध सोबती असा हा सवालच नाही. आज बहुतेक घरांसमोर सोबती किंवा कोणीच नाही, एवढीच निवड आहे.

आणि गावातली साधी माणसे हे काम करू शकतात, याचा पुरावा आपल्याच विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या दुखण्याविषयी बोलणे सुरू केले. त्यांच्यावर शिकवलेले समुपदेशक होते आणि गरज पडेल तिथे मानसोपचार डॉक्टर. दीड वर्षाने पुन्हा पाहणी केली. नैराश्य असलेल्यांपैकी पूर्वी शंभरात चार जण मदत घेत होते, ते सत्तावीस झाले. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले आहेत. नाशिक जिल्ह्यात २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचे असेच काम ४१ गावांत झाले आणि पुढे ते गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेले.

दूरचे उदाहरण झिंबाब्वेचे. हरारे शहरातल्या म्बारे वस्तीत डिक्सन चिबांडा या मानसोपचार डॉक्टरांनी २००६ साली १४ आजीबाईंना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवले. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणे. आपल्याकडे टेन्शन म्हणतात, तेच. आजीबाई प्रवचन देत नाहीत. समोरच्याच्या दहा अडचणींतून त्याच्याकडूनच एक निवडून घेतात आणि तिच्यावर या आठवड्यात काय करता येईल ते ठरवतात. २०१६ साली छापून आलेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे उरली होती. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ती सुमारे ५० टक्के होती.

या आजीबाई किंवा 'विश्राम'चे कार्यकर्ते गावचे होते, पण प्रत्येकाने तेच दुखणे भोगलेले होते असे नाही. आपला ठराव एक पाऊल पुढचा आहे. त्याचे कारण आपल्या धंद्यातच सापडते. मी कृषी पदवीधर. शेतीतले शिक्षण कसे पसरते हे मी जवळून पाहिले आहे. अधिकारी गावात येऊन तासभर भाषण देतो तेव्हा माणसे माना डोलावतात आणि घरी जाऊन जुनेच करतात. शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून पीक पाहिले आणि "मी हे केले, इतका खर्च आला, इथे फसलो, इथे जमले" असे त्याच्या तोंडून ऐकले, की पुढच्या हंगामात चार जण ते करतात. मनाच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. वसुलीची नोटीस हातात घेऊन बसलेल्याला "धीर धरा" हे शब्द कोणीही ऐकवतो. "माझ्याही घरावर नोटीस लागली होती, तेव्हा मी आधी बँकेत अमुक केले आणि झोपेसाठी डॉक्टरकडे गेलो," हे तोच सांगू शकतो ज्याने ते केले. नवऱ्यामागे सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या बाईला दुसरी तशीच बाई जे देईल, ते कोणत्याही पुस्तकात नाही.

मात्र नुसत्या अनुभवावर माणसाला सोडून दिले तर नुकसान होईल. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ साली अशा सोबतीच्या कामाला सरकारी आरोग्य योजनेतून पैसे द्यायला सुरुवात केली. २००७ साली तिथल्या केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना अटी कळवल्या. सोबत्यावर जाणत्याची देखरेख हवी, त्याचे काम बाकीच्या उपचाराशी जोडलेले हवे, आणि त्याला प्रशिक्षण व प्रमाणपत्र हवे. या तिन्ही अटी आपल्या ठरावात शब्दशः आल्या पाहिजेत. त्यात मी आणखी चार घालतो.

पहिली, मोबदला. आशाताईंना मानधनावर राबवून सरकारने सेवा फुकट कशी काढून घ्यायची ते दाखवले आहे. घामाला दाम मागणाऱ्या संघटनेने आपल्याच सोबत्यांना फुकट राबवू नये. सुरुवातीला तालुक्याने उचलावे आणि सरकारकडे पगारी पदाची मागणी लावून धरावी.

दुसरी, गुप्तता. सोबत्याच्या कानावर आलेले बँकेला, पतपेढीला, पंचायतीला किंवा संघटनेच्या पुढाऱ्यालाही कळता कामा नये. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपये देण्यासाठी २००६ सालच्या निर्णयाने पात्र-अपात्र ठरवण्याची पद्धत आली. त्या कागदावर 'दारू' किंवा 'आजार' असा शेरा पडला की काय होते, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सोबत्याची वही त्या समितीसमोर कधीही जाणार नाही, हे लिहून ठेवा.

तिसरी, औषधाचे कुलूप. फवारणीचे औषध घरात उघड्यावर राहणार नाही, हे पाहणे सोबत्याचे पहिले काम. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केल्यावर पुढच्या वीस वर्षांत ते सुमारे ७० टक्क्यांनी उतरले आणि पिकाचे उत्पादन घटल्याचे दिसले नाही. घातक घडीला विष हाताशी नसले तर पुष्कळ माणसे वाचतात आणि पुढे जगतात.

चौथी, सोबत्याची विश्रांती. दुसऱ्याचे ऐकता ऐकता त्याची जुनी जखम उघडू शकते. महिन्याला सगळ्या सोबत्यांनी एकत्र बसावे, आणि ज्याला थांबायचे आहे त्याला कमीपणा न वाटता थांबता यावे.

कायद्याची भीती बाळगणाऱ्यांसाठी दोन शब्द. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरून चालायचे आणि त्याला उपचार देणे ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम उरलेले नाही. मात्र सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर २२६ कलम लागते. आंदोलनात विषाची बाटली मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि संघटनेने तो प्रकार आपल्या मंचावरून कायमचा बंद करावा. जीव ही मागणीची पावती नव्हे.

तेव्हा ठराव या अटींसह मंजूर करा. नावे सुचवताना भाषण करणारा शोधू नका, ऐकून घेणारा शोधा. प्रशिक्षण होईपर्यंत प्रत्येक शाखेने टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फलकावर लिहावा. तो रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येते. भावाची लढाई लांबची आहे. ती जिंकायची तर लढणारे माणूस जिवंत राहिले पाहिजे. आपल्या मोर्च्यात मागच्या वर्षी चालणारा यंदा का आला नाही, हे विचारायला त्याच्या घरी जाणे हेही संघटनेचेच काम आहे.