ओठावरचा चट्टा आणि दूरचा दंतवैद्य

खालच्या ओठाच्या आत तंबाखूची चिमूट धरून भर उन्हात राबणारा माणूस वाशिम जिल्ह्यात कोणत्याही शेतावर भेटतो. तंबाखू जिथे ठेवली जाते, तिथेच पांढरा चट्टा उमटतो. बाहेरून उन्हाने ओठ कोरडा पडून सोलत राहतो. दुखत नाही, म्हणून कुणाला दाखवलाही जात नाही. असा प्रत्येक चट्टा कर्करोगात बदलतो असे नव्हे. पण कोणता बदलेल, हे एका तपासणीत सांगता येत नाही. म्हणूनच त्यावर सातत्याने पाळत ठेवावी लागते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करत होते. गुटखाबंदी २०१२ मध्ये आली, तरी विदर्भातील पानठेल्यांवर खर्रा घोटला जातोच. शासकीय दंत महाविद्यालये मात्र नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा दूरच्या शहरांत. मानोरा किंवा रिसोडच्या मजुराने रोज बुडवून दर तीन महिन्यांनी तिथे जावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

इथे दूरस्थ सल्ला उपयोगी पडू शकतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'ई-संजीवनी'ने उपकेंद्रातून तज्ज्ञाशी बोलण्याची वाट खुली केली. आरोग्यसेविकेने ओठ उलटवून, दर वेळी त्याच प्रकाशात छायाचित्र काढले, तर दंतवैद्याला आजचा चट्टा मागच्या चट्ट्याशी ताडून पाहता येईल.

पण छायाचित्राला मर्यादा आहेत. चट्ट्याचा कठीणपणा आणि मानेतली गाठ बोटांनाच कळते. निदान तर ऊतीचा तुकडा तपासूनच होते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा लालसर होत जाणारा चट्टा दिसल्यास पडद्यावरची चर्चा थांबवून रुग्णाला प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठवलेच पाहिजे.

केरळात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन केलेल्या मुखतपासणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. तिथे दूरस्थ यंत्रणा नव्हती. तपासणारी नजर आणि पुढे उपचारापर्यंत नेणारी साखळी होती.

वाशिममध्ये २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. संशयित रुग्णांच्या ऊतीतपासणीसाठी तिथे ठरावीक दिवस राखून ठेवला, तर ही साखळी जिल्ह्यातच पूर्ण होऊ शकेल. ठरल्या तारखेला न आलेल्या रुग्णाच्या घरी कोण जाणार, हेही आधीच निश्चित व्हायला हवे. नाहीतर चट्ट्याची छायाचित्रे साठत जातील आणि रुग्ण मात्र हातचा निसटेल.