नटाची कीर्ती आणि तिकिटाची किंमत
फ्रान्स सरकारने २०२४ साली सांस्कृतिक खर्चाला कात्री लावली, तेव्हा नाटक ही चैन की गरज, हा जुना वाद पुन्हा ऐरणीवर आला. या संदर्भात जेरार फिलिप या फ्रेंच नटाची कारकीर्द उद्बोधक ठरावी. रुपेरी पडद्यावर नाव झालेले असतानाही १९५१ साली तो झां व्हिलार यांच्या, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या राष्ट्रीय जनता नाट्यगृहात अल्प वेतनावर दाखल झाला. ‘ल सिद’मधील त्याची भूमिका पाहण्यास कामगार व विद्यार्थी स्वस्त तिकिटे काढून येऊ लागले. पुढे नटांच्या संघटनेचे नेतृत्वही त्याने केले. १९५९ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, कर्करोगाने त्याचा अंत झाला. प्रेक्षागृह भरले ते त्याच्या कीर्तीमुळे. तिकीट स्वस्त राहिले ते मात्र अनुदानामुळे. अनुदानाचा झरा आटल्यास एकट्या नटाचा त्याग पुरा पडणार नाही, हे फ्रेंच राज्यकर्त्यांनी विसरू नये.