लीज्ड लाइनची तारीख का हुकते : भिलाईतील स्मृतिनगरच्या निमित्ताने

भिलाई (छत्तीसगड) : दुर्ग आणि भिलाई या जोडशहरांतून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो, तसाच सुरत ते पारादीप हा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गही जातो. दूर पल्ल्याच्या ऑप्टिकल फायबर तारा बहुधा अशाच वाटांच्या कडेने टाकल्या जातात. रेल्वेच्या मालकीच्या रेलटेल या कंपनीचे जाळे तर रुळांलगतच्या जागेवरच उभे आहे. त्यामुळे दिल्ली, मुंबई किंवा कोलकात्याशी जोडले जाण्यासाठी भिलाईला तारांची वानवा असण्याचे कारण नाही. तरीही जुनवानी रस्त्याकडच्या स्मृतिनगरसारख्या वसाहतीत एखाद्या निदान केंद्राने, लेखापालाच्या कार्यालयाने किंवा शिकवणी वर्गाने शंभर मेगाबिटची लीज्ड लाइन मागितली, तर ती कोणत्या तारखेला सुरू होईल याचे खात्रीचे उत्तर मिळणे अवघड असते. देशातील बहुतेक मध्यम शहरांची हीच स्थिती आहे. भिलाईत तिची कारणे अधिक ठळकपणे दिसतात, इतकेच.

घरगुती ब्रॉडबँड आणि लीज्ड लाइन यांत भेद आहे. ब्रॉडबँडची तार बहुधा गल्लीतल्या खांबावर आधीच आलेली असते आणि तिच्यावरील वेग अनेक घरांत वाटला जातो. लीज्ड लाइन म्हणजे एकाच ग्राहकासाठी राखून ठेवलेले सर्किट. त्यात माहिती पाठवण्याचा आणि घेण्याचा वेग सारखा असतो, आयपी पत्ता कायम असतो आणि सेवा वर्षातून किती काळ बंद राहू शकते याचे लेखी बंधन असते. असे सर्किट पुष्कळदा मागणी नोंदवल्यानंतरच बांधले जाते. चर खोदणे, नळी टाकणे, तार ओढणे, सांधे जोडणे ही सारी कामे त्यात येतात. विक्री प्रतिनिधी दाखवतो तो वेगाचा तक्ता. ग्राहक प्रत्यक्षात सही करतो ती एका छोट्या बांधकामाच्या कामावर.

विलंबाचे पहिले बीज येथेच पडते. कोटेशन देण्यापूर्वी ‘फीजिबिलिटी’ पाहिली जाते. ती अनेकदा कार्यालयात बसून नकाशावर पाहिलेली असते. जवळचे केंद्र चारशे मीटरवर दिसले की होकार कळवला जातो. मागणीपत्र आणि आगाऊ रक्कम जमा झाल्यावर माणूस प्रत्यक्ष पाहणीला येतो. तेव्हा नळी आधीच भरलेली निघते, मधला रस्ता नुकताच डांबरीकरण झालेला असतो, नाहीतर इमारतीच्या मालकाला जिन्यातून तार नेऊ द्यायची नसते. त्यात आणखी एक गुंता असतो. सेवा विकणाऱ्या कंपनीकडे शेवटच्या टप्प्याची, म्हणजे ‘लोकल लीड’ची, तार स्वतःची असेलच असे नाही, ती दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतली जाते. मग ग्राहक एकाला विचारतो आणि काम दुसऱ्याच्या हाती अडलेले असते. देशांतर्गत भाडे-सर्किटांच्या दरांवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००५ साली कमाल मर्यादा घातली आणि २०१४ साली ती आणखी खाली आणली. दराचा प्रश्न त्यामुळे पुष्कळसा सुटला. तारखेचा प्रश्न मागे राहिला.

भिलाईत या शेवटच्या टप्प्यावर परवानग्यांची गर्दी होते. सलग वाटणाऱ्या या नागरी पट्ट्यात दुर्ग, भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा अशा चार महानगरपालिका आहेत. पोलाद कारखान्याच्या नगरवसाहतीतील सेक्टरांची जमीन सेल या सरकारी कंपनीच्या ताब्यात आहे. कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, तेव्हा हा भाग ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे ज्या शहराच्या वाटेने आज दुर्गहून पश्चिमेकडची तार जाते, तेथूनच एकेकाळी भिलाईचा प्रशासकीय कारभार चाले. तो एकछत्री कारभार राहिला नाही. स्मृतिनगरमधील कार्यालय आणि सेक्टरांमधील त्याची शाखा एका सर्किटने जोडायची म्हटले, तर महापालिकेचा रस्ता, राष्ट्रीय महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि सेलची जमीन एवढे ओलांडावे लागते. यांपैकी प्रत्येकाचा अर्ज, शुल्क आणि पाहणी स्वतंत्र असते.

कायद्याने या अडथळ्यावर उपाय शोधलेला नाही, असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी प्राधिकरणांना निर्णयासाठी साठ दिवसांची मुदत दिली आणि त्या मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद केली. मे २०२२ मध्ये या अर्जांसाठी ‘गतिशक्ती संचार’ हे केंद्रीय संकेतस्थळ सुरू झाले. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याखालील नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. सरकारने स्थापन केलेल्या कंपन्याही या कायद्यातील सार्वजनिक संस्थेच्या व्याख्येत येतात. मात्र ‘मानीव परवानगी’ कागदावर हाती आली म्हणून कोणताही कंत्राटदार महापालिकेच्या अभियंत्याला न विचारता रस्ता फोडायला धजावत नाही. उद्या त्याला त्याच कार्यालयात दुसऱ्या कामासाठी जायचे असते.

‘मानीव’ या शब्दाची दुसरी, ग्राहकाला महाग पडणारी बाजू ब्रिटनमध्ये उघडकीस आली. तेथे बहुतेक तारांचे जाळे बीटी समूहातील ओपनरीचकडे आहे आणि इतर कंपन्या तिच्याकडून सर्किटे घेऊन ती पुढे विकतात. मुदतीत जोडणी झाली नाही तर ओपनरीचने भरपाई द्यावी, असा करार होता. पण काही परिस्थितींत मुदतवाढीला समोरच्याची संमती आहे असे गृहीत धरण्याची मुभाही त्याच करारात होती. जानेवारी २०१३ ते डिसेंबर २०१४ या काळात त्या कलमाचा गैरवापर करून भरपाई कमी दिली गेली, असा निष्कर्ष ऑफकॉम या नियामकाने मार्च २०१७ मध्ये काढला आणि ४.२ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. बाधित कंपन्यांना सुमारे ३० कोटी पौंड देण्याचे बीटीने मान्य केले. त्याआधी, २०१६ सालीच, ऑफकॉमने अशा जोडण्यांना सरासरी किती दिवस लागावेत याची उतरती मर्यादा ठरवून दिली होती. शिवाय कबूल केलेली तारीख किती वेळा पाळली जाते, याचे मोजमाप वेगळे ठेवले होते. हा दुसरा निकष अधिक मोलाचा आहे. चाळीस दिवस लागणार हे आधी माहीत असेल तर व्यवसाय त्याप्रमाणे आखता येतो. पंधरा दिवसांचे नव्वद झाले, तर जुन्या जागेचे भाडेही चालू ठेवावे लागते.

भारतात घरगुती ग्राहकाला निदान एक घड्याळ मिळालेले आहे. २००६ च्या ब्रॉडबँड विनियमांत जोडणीसाठी १५ कामकाजी दिवस होते आणि पैसे घेऊनही ती न दिल्यास पहिल्या बिलात दररोज दहा रुपयांची सूट, तीही जोडणी शुल्काच्या मर्यादेत. रक्कम नाममात्र होती, पण तत्त्व मान्य झाले होते. २०२४ च्या सेवा-दर्जा विनियमांनी तारजोडणीची मुदत सात दिवसांवर आणली. व्यवसायासाठीच्या लीज्ड लाइनची मुदत मात्र व्यवहारात करारावरच अवलंबून राहते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा सामान्यतः आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. दिल्लीतील दूरसंचार विवाद न्यायाधिकरण ग्राहकांच्या समूहाचे गाऱ्हाणे ऐकू शकते, पण चार संगणकांच्या एकट्या कार्यालयाला ते दार दूरचे आहे.

म्हणून सही करण्यापूर्वीचा आठवडा हाच ग्राहकाच्या हातातला खरा काळ ठरतो. प्रत्यक्ष जागेवरील पाहणीचा अहवाल कोटेशनसोबत मागावा आणि शेवटची तार कोणाच्या मालकीची आहे, कोणकोणत्या परवानग्या लागतील, हे त्यात लिहून घ्यावे. करारात तीन कलमे पाहण्यासारखी आहेत. एक, भाडे कोणत्या दिवसापासून सुरू होते. उपकरण पोहोचले त्या दिवसापासून की चाचणी घेऊन ग्राहकाने सेवा स्वीकारली तेव्हापासून. दुसरे, तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला आहे आणि ग्राहकाच्या मौनाचा अर्थ संमती असा लावला आहे का. तिसरे, अमुक दिवसांनंतर दंडाशिवाय मागणी रद्द करून आगाऊ रक्कम परत घेता येते का. पुरवठादार छापील करारात बदल करायला सहसा तयार नसतात, हे खरे. परंतु मागणीपत्रावर लिहिलेली अट पुष्कळदा मान्य होते, कारण विक्री विभागाला महिनाअखेरचे उद्दिष्ट गाठायचे असते.

जुने सर्किट नवे तपासून होईपर्यंत बंद करू नये, हे सांगण्याची गरज भासू नये. तरी जागा बदलताना दोन्हींचे भाडे वाचवण्याच्या नादात हीच चूक होते. मधल्या काळासाठी साधे ब्रॉडबँड किंवा ५जी जोडणी घेता येते. निदान केंद्राच्या क्ष-किरण प्रतिमा किंवा लेखापालाची विवरणपत्रे तिच्यावरून जातात, फक्त वेगाची हमी नसते. पर्यायी म्हणून दुसऱ्या कंपनीची लाइन घेताना ती वेगळ्या नळीतून येते की त्याच, हे नकाशावर पाहावे. पंतप्रधानांच्या हस्ते मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झाले, तेव्हा सरकारनेच दिलेल्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे दहा लाख वेळा फायबर तुटत होते आणि त्यातून तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होत होते. एकाच चरातील दोन तारा एकाच कुदळीने तुटतात.

छत्तीसगड सरकारने मे २०२५ मध्ये नवा रायपूरला कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी केली. भिलाईपासून ते ठिकाण पन्नासेक किलोमीटरवर आहे. मोठ्या गुंतवणूकदाराच्या दारात तार नेण्यासाठी सरकारी खाती एकत्र बसतात. स्मृतिनगरच्या गल्लीसाठी चार कार्यालयांची एकत्र पाहणी ठरवणे त्याहून सोपे असूनही ते क्वचितच घडते. महापालिका, रेल्वे आणि सेल यांनी वर्षातून दोनदा मुख्य रस्त्यांवर सामाईक नळ्या टाकून त्या भाड्याने दिल्या, तर प्रत्येक सर्किटसाठी नवा खड्डा पडणार नाही.

तोवर नव्या ग्राहकाने दिनदर्शिकेकडे लक्ष ठेवणे इष्ट. छत्तीसगडमध्ये पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि पावसाळ्यात रस्ते खोदण्याची परवानगी सहसा मिळत नाही. साठ दिवस परवानग्यांचे धरले तर मार्चअखेर दिलेल्या मागणीचा चर पावसाआधी कसाबसा बुजतो. मे महिन्यात दिलेल्या मागणीचे काम ऑक्टोबरपर्यंत लांबण्याची शक्यता अधिक.