टाकोच्या टेबलावरून चवदार तळ्याकडे



गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, घेऊन अमेरिकेत धाकट्या बंधूंकडे महिनाभर राहून आलो. परतल्यापासून विहारात जो भेटतो तो विचारतो, "तिकडे काय काय पाहिलंत?" समुद्र पाहिला, मोठाले रस्ते पाहिले. पण वाचकांना सांगण्यासारखे एकच आहे. ते म्हणजे एका साध्या उपाहारगृहातले दुपारचे जेवण.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सुमारे 95 किलोमीटरवर सॅन बर्नार्डिनो हे शहर आहे. तिथे माउंट व्हर्नन रस्त्यावर 'मित्ला कॅफे' आहे. लुसिया रॉड्रिग्ज या मेक्सिकन बाईंनी ते 1937 साली सुरू केले. कष्टकरी वस्तीतले, घरगुती जेवणाचे ठिकाण. बंधूंनी मुद्दाम तेच निवडले होते. का, ते पुढे सांगतो.

बंधू, सूनबाई, मुले आत गेली. आम्ही मागे वळून पाहिले तो अण्णा दारातच उभे. आम्ही म्हणालो, "अण्णा, चला ना." त्यांनी हळूच विचारले, "आत बसायचं ना?" वय वर्षे 76, मुले शिकलेली, नातवंडे परदेशात, तरी पाय उंबऱ्यावर थांबले! लहानपणी आमच्या गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असे. ती आपणच काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच धुवायची आणि पुन्हा वळचणीला ठेवायची. अण्णा ते विसरले असतील असे आम्हांला वाटत होते.

टेबलावर टाको आले. टाको म्हणजे मक्याची पातळ भाकरी. इथे ती तळून, मधोमध दुमडून कडक केलेली असते. आत खिमा, बारीक चिरलेला लेट्यूसचा पाला, टोमॅटो, वर किसलेले चीज. शेजारी भात आणि घोटलेला घेवडा. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. त्याने वरचे साल सुटते, पीठ चिकट होते आणि मक्यातले सत्त्व अंगी लागते. अण्णांनी पहिला घास घेतला आणि सगळे सारण ताटात सांडले. मुले हसली, अण्णाही हसले. मिरचीची चटणी चाखून म्हणाले, "हा तर आपला ठेचा!" खरेच आहे. मिरची आणि मका दोन्ही मूळच्या तिकडच्याच. पोर्तुगीज अमलानंतर त्या आपल्याकडे रुजल्या.

या कॅफेसमोरच 1950 च्या सुमारास ग्लेन बेल नावाच्या गृहस्थाचा खाद्यपदार्थांचा ठेला होता. समोरचे टाको पाहून, चाखून त्याने ती कृती उचलली आणि 1962 साली 'टाको बेल' सुरू केले. त्याची दुकाने आज आपल्या मुंबई-पुण्यातही आहेत. पण बंधूंनी हे ठिकाण निवडले ते याहून मोठ्या कारणासाठी.

सॅन बर्नार्डिनोत नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव होता. मेक्सिकन लोक कर भरत, पण तलाव त्यांना बंद. कॅलिफोर्नियातल्या अनेक गावांत तेव्हा मेक्सिकनांना आठवड्यातून एखादाच दिवस पाण्यात उतरू देत, आणि तोही पाणी बदलण्याच्या आदला दिवस. वाचकहो, याचा अर्थ आपल्याला समजावून सांगायला नको! याविरुद्ध जी मंडळी उभी राहिली त्यांच्या बैठका याच मित्ला कॅफेत भरत. त्यांच्यात इग्नासिओ लोपेझ हे स्पॅनिश भाषेतल्या एका साप्ताहिकाचे संपादक होते, धर्मगुरू होते, महाविद्यालयीन विद्यार्थी होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि 1944 साली निकाल मेक्सिकनांच्या बाजूने लागला. तलाव खुला झाला. त्यांचे वकील डेव्हिड मार्कस यांनी पुढे मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा खटलाही लढवला. तोही 1947 साली अपिलात कायम झाला.

हे ऐकताना आम्हांला महाडच दिसत होते. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तेही तळे नगरपालिकेचेच! त्या दिवशी गुंडांनी हल्ला केला तो मंडपात जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर. अन्न मातीत मिळवले. पाणी प्यालो म्हणून ताट उधळले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी 'बहिष्कृत भारत' निघाले. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने सुटला. ज्या साली तो निकाल लागला त्याच साली लुसियाबाईंनी आपली चूल मांडली.

पाणी आणि ताट यांचे हे नाते बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. भारतीय संविधानाचे कलम 15 उघडून पाहा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांतला प्रवेश आणि विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर एकत्रच सांगितला आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही त्यांत अडवता येत नाही. वंश आणि जात हे दोन्ही शब्द तिथे शेजारी शेजारी आहेत.

जेवण झाले. आम्ही पैसे देत होतो तेवढ्यात अण्णा आपले ताट उचलून उठले आणि इकडेतिकडे पाहू लागले. आम्हांला कळेना. मग लक्षात आले की ते धुवायची जागा शोधत होते. वाढणाऱ्या बाई लगबगीने आल्या, हसून त्यांनी ताट आपल्या हातात घेतले. अण्णांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना अण्णांची नाही. अण्णांनी हात जोडले. गाडीत बसल्यावर नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही प्लेट का उचलली?" अण्णा गप्प बसले. उत्तर आम्हांलाच द्यावे लागले, आणि वळचणीची कपबशी त्या पोरीला तेव्हा प्रथमच कळली.

चूक अण्णांची नव्हे, आमची आहे. मुलांना इंग्रजी शाळा दिली, वाढदिवसाला हॉटेलात नेले, पण त्या खुर्चीवर बसण्याचा हक्क कोणी मिळवून दिला ते सांगितले नाही. म्हणून विनंती एवढीच. येत्या रविवारी विहारात मुलांकडून कलम 15 मोठ्याने वाचून घ्या, आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची कपबशी कुठे असे ते सांगू द्या. ती माणसे आहेत तोवरच हे होणार आहे.

जयभीम!