नव्या मुलखात डोंगराची वाट

नोकरीधंद्यानिमित्त पनवेल, रसायनी, आपटा या पट्ट्यात अनेक कुटुंबे नव्याने राहायला येतात. आठवड्याची एकच सुट्टी, तीही टी.व्ही.पुढे जाते. मुले म्हणतात, 'इथे बघायला काहीच नाही!' आम्ही म्हणतो, घराबाहेर येऊन जरा मान वर करा.

कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरूनही ओळखू येतो. पहिली वाट त्याचीच धरावी. मुंबई-गोवा महामार्गावर पक्षी अभयारण्याचे फाटक आहे. 1968 सालापासून हे जंगल राखीव आहे. तिकीट काढून आत गेल्यावर, मुले बरोबर असतील तर गड चढायला दोन-अडीच तास धरावेत. सुळक्याच्या पायथ्याला कोरलेली पाण्याची टाकी आहेत; तरी प्यायचे पाणी घरूनच न्यावे. सुळक्यावर मात्र चढू नये. तिथे मधमाश्यांची पोळी असतात. धुराने, दगड मारल्याने त्या खवळतात.

पायांना सवय झाली की वाशिवलीच्या बाजूने माणिकगड करावा. ही वाट लांबची, रानातली. चुकण्याचा संभव फार. म्हणून वाडीतला माहितगार सोबत घ्यावा आणि त्याचा रोज घासाघीस न करता द्यावा.

नव्या मुलखात खरा नकाशा म्हणजे तिथली माणसे. गुराखी मामांना, मोळी घेऊन उतरणाऱ्या मावशींना नमस्कार करून विचारा. पण 'किती वेळ लागेल?' एवढेच विचारू नका. त्यांचा अर्धा तास म्हणजे आपल्या मुलांचा दीड तास! पाणी कुठे आहे, वाट कुठे फुटते, ओढा कधी भरतो, हेही विचारा.

पावसाळ्यात डोंगर हिरवा दिसतो, पण तो तेव्हाच घात करतो. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि घरेच्या घरे माणसांसह गाडली गेली. तिथे जन्म काढलेल्यांना जे कळले नाही, ते आपल्याला कसे कळणार? म्हणून मुसळधार पावसात डोंगर नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

पुढे कधी कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांनाही पायी जाऊन या. राजमाचीच्या पायथ्याशी, रानात कोरलेली ही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. भिक्खू कोणत्या वाटांनी चालले, हे मुलांना पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजेल.

निघताना भाकरी-चटणी, माणशी दोन लिटर पाणी आणि बॅटरी घ्या. कुठे जातो आणि कधी परतणार, हे शेजारी सांगून ठेवा. परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारा. दुपारी ठरलेली वेळ झाली की असाल तिथून मागे फिरा. माथा राहिला तरी चालेल, माणसे घरी आली पाहिजेत.

आपल्या भागातली अशी एखादी चांगली वाट ठाऊक असेल तर आम्हाला जरूर कळवा.